चार डझन आणि शीग

संत्र्याचा व्यापारी दसऱ्याच्या सुमारास आमच्या बागेत येतो. फळं झाडावर असतानाच तो बाग फिरून बघतो, भाव सांगतो, बाबा नाही म्हणतात, मग तो चहा पितो, भाव थोडा चढवतो आणि ऊन उतरायच्या आत सौदा होतो. शेंदूरजनाघाटाच्या आसपास वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. त्या वर्षी मी माहेरी आले होते आणि उगाच त्या दोघांच्या मागेमागे फिरत होते. विहिरीच्या वरच्या अंगाला चाळीस झाडं आहेत. तिथं व्यापारी थांबला, एक फळ तोडून तळहातावर घेतलं आणि हसला.

"हे चुरी तुमीच खा भाऊ," तो बाबांना म्हणाला.

चुरी म्हणजे लहान फळ. बाजारात ते वरच्या थराला शोभत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. व्यापाऱ्यानं बाकीची सगळी बाग घेतली आणि त्या चाळीस झाडांचा साधा भावही केला नाही.

जेवताना बाबांनी निकाल सांगितला. "संक्रांतीची कर गेली का मशीन लावतो. ते चाळीसही झाडं उपटून टाकतो. तूर पेरली तं घरात काही येईन तरी." हे त्यांनी ताटाकडे बघून सांगितलं. आई भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती भाकरी तिनं माझ्या ताटात वाढली आणि माझ्या ताटात आधीच एक होती.

ती झाडं आईची. सातबाऱ्यावर तसं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी काळ्या मातीत आपल्या रांगा लावल्या तेव्हा उरलेली कलमं बरडावर, म्हणजे मुरमाड, पातळ मातीच्या तुकड्यावर, नुसती टेकवून ठेवली होती. आईनं ती तिथंच लावली. पहिले दोन उन्हाळे तिनं विहिरीचं पाणी डोक्यावर वाहून घातलं. मी चौथीत होते आणि माझ्याही डोक्यावर एक लहान घागर असायची, त्यामुळे हे ऐकीव नाही. झाडं जगली. बरडामुळे फळ लहान राहिलं, पण गोडी अशी की बाबांना स्वतःला संत्रं खायचं असलं की ते आपल्या रांगा सोडून तिकडे जायचे. हे मी जेवतानाच बोलून दाखवलं. माझा राग नाकावर असतो हे आमच्याकडे जगजाहीर आहे. माझं लग्न ठरताना मामानं सासरच्यांना तशी आगाऊ कल्पनाही दिली होती.

मी म्हणाले, ही फळं मी विकते. ऑनलाइन. मधे कुणी नाही, बागेतून थेट लोकांच्या घरी.

बाबा हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी शांतपणे हात धुतला आणि अटी सांगितल्या. संक्रांतीपर्यंत चाळीसही झाडं रिकामी झाली पाहिजेत. फळ फेकायचं नाही, रसवाल्याला द्यायचं नाही, नातेवाइकांच्या गळ्यात मारायचं नाही. लोकांनी स्वतःहून मागून घेतलं पाहिजे.

"आन् झाली रिकामी तं?" मी विचारलं.

"मंग पाहू," बाबा म्हणाले.

बाबांच्या 'पाहू'चा अर्थ आमच्या घरात अजून कुणाला लागलेला नाही. त्याच दिवशी त्यांनी मशीनवाल्याला फोन करून पौषातला दिवस पक्का करून टाकला.

मी राहते अकोल्याला आणि वेबसाइट बनवण्याचं काम करते. शिकवणी वर्ग, दवाखाने, मंगल कार्यालयं, साड्यांची दुकानं. दुसऱ्यांची दुकानं थाटून देण्यात माझी आठ वर्षं गेली होती, तेव्हा घरची संत्री विकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी धरून चालले होते. ऑनलाइन दुकानाचे तयार साचे मिळतात. नाव भरा, फोटो टाका, भाव लिहा, की दुकान उघडलं. परत येताना अमरावतीला बस बदलायला थांबले तेवढ्या वेळात मी मोबाइलवर निम्मं दुकान उभं केलं. शेजारी बसलेल्या बाईला कौतुकानं दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण यात विकायचं काय आहे ते दिसत नाही.

फोटोंवरून बाबांशी वाजलं. त्यांचं म्हणणं, फोटोपुरती माझ्या रांगेतली चार मोठी फळं पुढं मांड, सगळे तेच करतात. मी मांडली नाहीत. मी आईच्या झाडाचं एक फळ काढलं, तळहातावर ठेवून फोटो घेतला आणि खाली लिहिलं, 'फळ लहान आहे. बरडावरचं आहे. गोड आहे.' नवऱ्यानं ते वाचून विचारलं, तू माल विकते आहेस की तक्रार लिहिते आहेस? मी म्हटलं, जे आहे ते आहे.

आणि खपलं ते याच तीन वाक्यांवर. दुसऱ्याच दिवशी अकोल्याच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांचा मुलगा मोठं संत्रं शाळेत नेतो, अर्धं खातो आणि उरलेलं अर्धं दप्तरात चिरडून घरी आणतो. हे लहान फळ डब्याच्या छोट्या कप्प्यात बसेल का? मी लेकीचा डबा काढला आणि त्यात फळ ठेवून पाहिलं. झाकण लागलं. त्याचा फोटो मी तसाच दुकानावर टाकला. ज्या फळाला बाजारात कुणी विचारत नव्हतं ते शाळेच्या डब्याच्या मापाचं निघालं. त्या बाईंनी आपल्या शाळेच्या ग्रुपवर सांगितलं, तिथून ते अमरावतीच्या कुणा बहिणीकडे गेलं, आणि दिवाळी उरकून पहिली तोडणी झाली तेव्हा माझ्याकडे ऑर्डरींची रांग लागली होती. मी ऑफिसात मान ताठ करून चालायला लागले.

दुकानावर फोन नंबर बाबांचा दिला होता, कारण बागेत तेच असतात. त्याचाही एक किस्साच झाला. पत्ता विचारायला फोन करणाऱ्या माणसाला बाबा आधी गाव विचारायचे, मग मूळ गाव, मग मामाचं गाव. धारणीला नोकरीवर असलेल्या एका मास्तरांशी ते अर्धा तास बोलले आणि शेवटी ऑर्डर लिहून घ्यायचीच विसरले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, आणि पुन्हा अर्धा तास. मी चिडले, तर बाबा म्हणाले की ओळख काढल्याशिवाय माणूस घरात घेत नाहीत, मग घरातलं फळ कसं देणार? ज्या दुकानावर त्यांचा विश्वास नव्हता त्या दुकानाची चौकशी खिडकी ते आपणहून चालवत होते. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

कामाची वाटणी अशी होती. आई झाडं बघून तोडायचं ठरवायची, दोन बायका मदतीला घेऊन तोडायची आणि पेट्या भरायची. पेटी पुठ्ठ्याची, मी अमरावतीहून मोजमाप देऊन करून घेतलेली. एका थरात सोळा फळं, असे तीन थर, म्हणजे बरोबर चार डझन. बागेपासून सडकेपर्यंतच्या पांदणीत पार्सलची गाडी घुसायला तयार नसायची. खड्डे, दगड आणि बाजूला बाभळी. म्हणून बाबा बैलबंडीतून पेट्या सडकेवर आणायचे आणि दर खेपेला पांदणीला चार शिव्या द्यायचे.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. आधी एक, मग चार, मग रोज. वरची फळं चेंबलेली, पेटीला खालून ओल आलेली. मी पार्सलवाल्यांवर तुटून पडले. असं बोलले की तिकडचा माणूस मला ताई म्हणायचा तो मॅडम म्हणायला लागला. त्याच सुमारास दुसरं कोडं उभं राहिलं. दुकानाच्या हिशेबानं झाडांवर अजून माल हवा होता आणि आई सांगायची, त्या झाडांचं झालं. दर पाच पेट्यांमागे जवळजवळ एका पेटीची फळं गायब. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं. दुकानाचा हिशेब तपासला, दोनदा तपासला. तोडणाऱ्या बायकांवर संशय घेतला, आणि तो मनात आला याची लाज आजही आहे.

शनिवारी मी न कळवता गावाला गेले. आई विहिरीजवळ गोणपाटावर बसून पेट्या भरत होती. चार-चार फळं उचलायची आणि मोजायची. आमच्याकडे मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. तिसरा थर पूर्ण झाला. पेटी भरली. आता ती झाकण लावेल म्हणून मी बघत होते, तर तिनं पुन्हा ढिगात हात घातला. सोळा फळांच्या मधल्या खाचांत तिनं एकेक फळ बसवलं. नऊ फळं. मग झाकण ठेवलं, त्यावर गुडघा टेकवला, सगळा भार दिला आणि चिकटपट्टी ओढली.

मी तिथंच उभी राहून ओरडले. तीन आठवड्यांचा राग होता, सगळा बाहेर पडला. चार डझनाची पेटी आहे, चारच डझन भरायचे, मी मापून करून घेतली आहे, तुझ्यामुळे लोक मला नाही नाही ते बोलतात, असं बरंच काही. आई ऐकत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "फळ लहान हाये, हे तू साऱ्या जगाले सांगतलं. मंग लहान फळ आन् वरून सपाट पेटी? लोकाइच्या दारात माहं नाक कापू नको बाई."

आमच्या घरी पायली सपाट भरून कुणाला दिलेली मी खरंच पाहिली नव्हती. ज्वारी असो, तूर असो, माप भरल्यावर त्याच्यावर जो ढीग राहतो ती शीग. ती हातानं पुसून काढली तर घेणारा काही बोलत नाही, पण देणाऱ्याची किंमत त्याला कळते. हे मला माहीत होतं. पेटीचं माप काढताना ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण तेव्हा मी वाद जिंकायला आले होते. मी तिनं भरलेली एक पेटी उचलली, बाबांच्या मोटरसायकलवर बांधली, पांदणीतून सडकेपर्यंत गेले आणि परत आले. तिच्यासमोर झाकण उघडलं. वरच्या थरातली सहा-सात फळं फुटली होती आणि त्यांचं पाणी खालच्या फळांवर उतरलं होतं. आईनं एकेक फळ उचलून पाहिलं. फुटकं बाजूला, चांगलं बाजूला. असं करत तिनं सगळी पेटी रिकामी केली.

"म्हंजे इतके दिवस मी लोकाइले नासकी फळं धाडली," ती म्हणाली.

मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं. तिनं जगवलेली झाडं वाचवायला निघालेली मी तिलाच गुन्हेगार करून बसले होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले. इतकंच म्हणाले की आता कळलं ना, उद्यापासून ती नऊ फळं ठेवू नको, म्हणजे झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून? पेटी उंच नाही होत का?"

आठ वर्षं मी लोकांना त्यांच्या अडचणींवर उपाय विकत होते, आणि हे मला सुचलं नव्हतं. पेटीत बसावं म्हणून मी माणूस कापायला निघाले होते. ती म्हणत होती, पेटी वाढव. मी पट्टी आणली, चौथ्या अर्ध्या थरासह उंची मोजली. चार बोटं. फक्त चार बोटं वाढवायची होती.

पेटी करणाऱ्यानं आठवड्यात नवी पेटी दिली. दुकान मात्र ऐकेना. माझ्या तयार साच्यात विकलेलं आणि दिलेलं यांत फरक करायची सोयच नव्हती. अठ्ठेचाळीस विकले तर अठ्ठेचाळीसच वजा. शेवटी एक 'भेटवस्तू'चा रकाना सापडला, त्यात नऊ फळं घातली, तर पेटीच्या फोटोवर लाल अक्षरांत 'मोफत' असं झळकायला लागलं. मी ते आईला दाखवलं. तिनं मान हलवली. "फुकट नाही म्हनायचं. शीग फुकट नसते. ते मापातच असते."

तेव्हा मी तो साचा टाकून दिला. आपलं दुकान आपणच बांधायचं ठरवलं, पायापासून. ऑफिसातून दहा दिवसांची रजा घेऊन गावी गेले आणि दुकानावर पाटी लावली की पेटी बदलतो आहोत, थोडे थांबा. डिसेंबर निम्मा सरला होता, झाडांवर निम्म्याहून जास्त फळ होतं, आणि विक्री बंद. फळ फार दिवस झाडावर राहिलं की साल सुटते आणि आतून ते सुकायला लागतं. बाबा रोज बागेतून येऊन चप्पल काढताना विचारायचे, चालू झालं का? मी नाही म्हटलं की आत जायचे. मशीनवाल्याला त्यांनी अजून नको म्हणून सांगितलेलं नाही, एवढं मला माहीत होतं.

मी आईजवळ लॅपटॉप घेऊन बसले आणि ती कसं काम करते ते एकेक विचारून तसंच्या तसं दुकानात घातलं. ती झाडांना नंबरानं ओळखत नाही. वाकडी, विहिरीवरची, पांदणीकडची, उशिरावाली, अशी तिची नावं. मग दुकानातही तीच नावं आली. रोज सकाळी ती बाग फिरून मोबाइलवर बोलून पाठवायची, आज वाकडीच्या इतक्या पेट्या निघतील, उशिरावालीला हात लावू नको. तेवढ्याच पेट्या दुकानात दिसायच्या, झाडाच्या नावासकट. घेणाऱ्याला झाड निवडता यायचं. एका पेटीमागे सत्तावन्न फळं वजा व्हायची. पेटीच्या नावाखाली मी लिहिलं, 'चार डझन आणि शीग', आणि शीग म्हणजे काय ते आईच्या शब्दांत दोन ओळींत. दिवसाच्या पहिल्या ऑर्डरीला क्रमांक एक पडायचा नाही, तिथं 'लाभ' असं उमटायचं. हे मी आईला सांगितलं नव्हतं. तिनं स्वतः स्क्रीनवर वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी शिरा केला.

उघडायच्या आधी एक काम होतं. ज्यांच्याकडे फुटकी फळं गेली होती त्या प्रत्येक घरी आईनं नव्या उंच पेटीतून ताजी फळं पाठवायला लावली. त्यांनी मागितली नव्हती. काहीजण तर तक्रार करून विसरलेही होते. मी सोबत चिठ्ठी घातली की चूक आमच्या हातची होती, पार्सलची नव्हती. आणि पार्सलवाल्या माणसाची मी फोन करून माफी मागितली. तो पुन्हा मला ताई म्हणायला लागला.

मग जे सुरू झालं ते मला आजही सांगायला आवडतं, आणि मी ते जरा रंगवूनच सांगते असं नवरा म्हणतो. ताज्या पेट्या पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. मी चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत वाकडी संपली. लोक पेटी उघडतानाचे फोटो पाठवायचे, वर बसलेल्या त्या नऊ फळांचे. एका आजोबांनी लिहिलं की त्यांनी शीग हा शब्द कितीतरी वर्षांनी वाचला आणि आपल्या सुनेला पायली कशी भरायची ते ताटात तांदूळ घेऊन दाखवलं. अमरावतीच्या एका घरी नऊ फळं काढून शेजारी द्यायची पद्धतच पडली, आणि मग शेजाऱ्यांची ऑर्डर आली. हिवरखेडच्या एका शेतकऱ्यानं फळं मागितली नाहीत, दुकान मागितलं, माझ्या केळीसाठी असं करून देता का म्हणून. अकोल्याच्या त्या पहिल्या बाईंचा मुलगा पांदणीकडचीच फळं हवीत म्हणून हटून बसायला लागला. पांदणीकडचीत आणि विहिरीवरचीत चवीचा काय फरक आहे, हे मला विचाराल तर काही नाही. आईला विचाराल तर पुष्कळ आहे.

बाबांचे फोन वाढले. आता लोक झाडांची चौकशी करायचे. वाकडी वाकडी का झाली, हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. एकदा मी मागून ऐकलं. ते कुणाला तरी सांगत होते की पहिले दोन उन्हाळे मालकिणीनं डोक्यावर पाणी वाहिलं म्हणून ही झाडं आहेत. आईसमोर त्यांनी हे कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

संक्रांतीला चार दिवस असताना उशिरावालीची शेवटची पेटी गेली. चाळीस झाडं रिकामी. म्हणजे अगदी रिकामी नाही. आईनं प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर चार-पाच फळं पाखरांसाठी सोडली होती, कारण झाड नागवं करायचं नसतं. मला धास्ती वाटली की बाबा अटीवर बोट ठेवतील. ते बागेत गेले, वर बघत चाळीसही झाडांखालून फिरले आणि परत आले. मी विचारलं, मग? ते म्हणाले, "पाहू."

मी चरफडत अकोल्याला आले. सासरचं हळदीकुंकू, वाण, सगळं केलं, पण लक्ष नव्हतं. कर झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. आईला आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं, बाबांनी मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं का? ती म्हणाली होती, मले नाही माहीत, मी विचारत नाही. तिला विचारायची भीती वाटत होती, आणि ती भीती तिच्या आवाजात मला ऐकू आली.

सडकेवर उतरले तेव्हा दहा वाजले होते. पांदणीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच आवाज आला. माती खोदायचं पिवळं मशीन, पुढचा पंजा वर उचललेला, बागेच्या रोखानं पांदणीत शिरत होतं. बाबा त्याच्या पायरीवर उभे होते, हातानं दिशा दाखवत. पिशवी तिथंच टाकून मी धावले, मशीनला वळसा घालून पुढं गेले आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभी राहिले. काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. मी ओरडत होते की झाडं रिकामी केली, तुमच्या सगळ्या अटी पाळल्या, लोकांनी मागून घेतली फळं, अजून काय पाहिजे होतं तुम्हाला.

बाबा खाली उतरले. माझं संपेपर्यंत थांबले. मग रस्त्यातला एक दगड पायानं बाजूला सारत म्हणाले, "सरक बाजूले बाई. पांदण सरळ करून राहिलो. पुढच्या सालापासून तुही गाडी थेट झाडापाशी आली पाहिजे. बंडीत लई हादरते फळ."

मी तिथंच, पांदणीत, धुळीत बसले. बाबांना वाटलं मला चक्कर आली, ते घाबरून पाण्याची बाटली शोधायला लागले. मी हसत होते आणि रडत होते, आणि मशीनवाला दुसरीकडे बघत होता.

सांजेपर्यंत पांदण सपाट झाली. बाभळीची मुळं निघाली, खड्डे बुजले. आईच्या चाळीस झाडांशी येऊन मशीन थांबलं, तिथं बाबांनी त्याला गाडी वळवायला जागा करायला लावली, आणि पंजा झाडाच्या फांदीला लागू नये म्हणून स्वतः मधे उभे राहिले. आई विहिरीजवळ उभी राहून सगळं बघत होती. पुढच्या दसऱ्याला व्यापारी आला तेव्हा बाबांनी त्याला चहा पाजला, भाव ऐकून घेतला, आणि निम्मी बाग दुकानासाठी ठेवली आहे असं सांगितलं, हे मी नंतर आईकडून ऐकलं.

त्या दिवशी मशीनवाला निघाला तेव्हा आईनं त्याला थांबवलं. शेंड्यावरची पाखरांची फळं तिनं तोडू दिली नाहीत, पण घरासाठी ठेवलेली एक टोपली तिच्याकडे होती. तिनं त्याला खांद्यावरचा दुपट्टा पसरायला सांगितलं. बाबांनी टोपलीतून फळं मोजायला घेतली. लाभ, दोन, तीन, असं म्हणत ते डझनावर थांबले. आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. बाबांनी मुकाट्यानं टोपलीत हात घातला आणि वर आणखी चार फळं ठेवली.